बजरीची मडकी कधी उतरवायची? (नागपूरचा उन्हाळा आणि थव्याची तब्येत)

गॅलरीतला थवा – १६ मार्च, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मानेवाड्याला आमच्या घराच्या मागच्या गॅलरीत सात वर्षांपासून बजरी आहेत. दुकानात ज्यांना ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतात, तेच हे. खरे लव्हबर्ड आफ्रिकेचे, आखूड शेपटीचे आणि जाड चोचीचे. आपले बजरीगर ऑस्ट्रेलियाचे, लांब शेपटीचे, मानेवर आणि पाठीवर बारीक लाटांसारख्या रेघा असलेले. आज माझ्याकडे २६ पक्षी आहेत. अंडी घालायला त्यांच्यासाठी पिंजऱ्यात मातीची मडकी टांगलेली असतात.

धागा काढायचं कारण हिरवी. माझी सगळ्यात जुनी मादी. गेल्या रविवारी सकाळी पाणी बदलायला गेलो तर पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुगवून बसली होती. डोळे अर्धे मिटलेले, श्वासाबरोबर शेपटी वरखाली होत होती. अंडं अडकलं होतं. खोक्यात घेऊन सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्याकडे निघालो, पण वाटेतच ती गेली.

घरी येऊन वही काढली. कोणत्या जोडीने कधी किती अंडी दिली हे मी लिहून ठेवतो, पण मागचं कधी वाचत नव्हतो. हिरवीची ऑगस्टपासून ही चौथी खेप होती. एकूण २१ अंडी. बजरीचं एक अंडं साधारण दोन ग्रॅमचं असतं आणि हिरवी ३५ ग्रॅमची होती. म्हणजे सात महिन्यांत तिने स्वतःच्या वजनाहून जास्त अंडी घातली होती. मी बायकोला म्हणालो, मी काही तिला अंडी घालायला लावली नव्हती. ती एवढंच म्हणाली, “मडकं कोणी टांगलं होतं?”

त्या दिवसापासून हे वाक्य डोक्यातून जात नाही. आपण खाणं पाहतो, पाणी पाहतो, आजारी पडला तर औषध पाहतो. पण बारा महिने मडकी टांगलेली राहतात आणि त्याकडे आपलं लक्षच जात नाही. मडकं दिसलं की मादीला वाटतं विणीचा हंगाम आला. तिच्या मूळ देशात पाऊस पडतो, गवताला बी धरतं, तेवढ्यापुरती वीण होते आणि मग सगळा थवा पुढच्या पाण्याकडे निघून जातो. आमच्या गॅलरीत दाणा रोज आहे, पाणी रोज आहे, मडकं रोज आहे. तिने थांबावं कधी?

आठ मडक्यांपैकी पाच रिकामी होती, ती त्याच दिवशी उतरवली. उरलेल्या तीन मडक्यांत पिल्लं आहेत, ती बाहेर पडली की तीही उतरवणार. पण आता दोन माद्या दाण्याच्या भांड्यात अंडी घालायला लागल्या आहेत. यावर काय करावं? आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तुम्ही वीण नेमकी कधी थांबवता? जुन्या जाणत्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

राळेवाला – १६ मार्च, रात्री १०:२५

भाऊ, वाईट वाटलं वाचून. पण एका मादीवरून सगळी मडकी काढून टाकली हे काही पटलं नाही बाप्पा. मी वीस वर्षांपासून बजरी पाळून राहिलो, इतवारीत, जुन्या वाड्याच्या गच्चीवर. माझी मडकी बारमाही टांगलेली असतात. अंडं अडकते ते कॅल्शियम कमी पडल्यानं. समुद्रफेस (ते कॅल्शियमवालं पांढरं हाड) ठेवता का? नुसत्या राळ्या-बाजरीवर पक्षी ठेवले तर हे होणारच. माझ्याकडे आठवड्यातून तीनदा उकडलेलं अंडं कवचासकट कुस्करून, मोड आलेले मूग, शेवग्याचा पाला. माद्या ठणठणीत.

गॅलरीतला थवा – १६ मार्च, रात्री १०:५०

समुद्रफेस कायम टांगलेला असतो, काका. खाणंही बरं आहे: राळे, बाजरी, थोडं कॅनरी सीड, मेथी, कोथिंबीर, शेवगा. सूर्यफूल जवळजवळ नाहीच. तुमच्या माद्या किती वर्षं जगतात, ते सांगाल का? भांडायला विचारत नाही. माझ्या वहीत माद्या सरासरी नरांच्या दोन वर्षं आधी गेलेल्या दिसतात, म्हणून विचारतो.

पक्षीवैद्य – १७ मार्च, सकाळी ७:१५

मी पशुवैद्यक आहे. रुग्णांत कुत्री-मांजरं जास्त, पण बजरीही बऱ्याच येतात. राळेवाला काकांचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. अंड्याचं कवच कॅल्शियमचं असतं आणि ते मादी स्वतःच्या हाडांतून काढते. अंडी घालायच्या आधी तिच्या हाडांच्या पोकळीत जास्तीचा साठा तयार होतो, तिथून कवचाला पुरवठा होतो. खाण्यातून भरपाई होते, पण तिला वेळ लागतो. शिवाय कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व हवं, आणि ते उन्हातून मिळतं. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन त्या कामाचं नाही. कॅल्शियम कमी पडलं की अंडं पुढे ढकलणारे स्नायूच थकतात. म्हणजे समुद्रफेस समोर असूनही चौथ्या खेपेला मादी रिकामी होऊ शकते. पहिलटकरीण, लठ्ठ, म्हातारी किंवा थंडीत बसलेली मादी असेल तर धोका आणखी वाढतो.

अंडं अडकल्याची शंका आली तर: ऊबदार, दमट, अंधारं खोकं, तापमान साधारण ३० अंश, आणि लगेच दवाखाना. पोट दाबू नका, एरंडेल पाजू नका, मागून तेल सोडून बोटांनी ओढू नका. अंडं आत फुटलं तर कवचाच्या धारेने आतला भाग फाटतो. घरगुती उपायांत दोन-तीन तास जातात आणि एवढ्याशा पक्ष्याकडे तेवढा वेळ नसतो.

वर्षाला दोन खेपा, फार तर तीन, आणि मग निदान चार-पाच महिने विश्रांती. पहिली वीण मादी वर्षाची झाल्यावर. चौथ्या वर्षानंतर तिला विणीतून काढावं. हे मी सगळ्यांना सांगतो.

भांड्यात घातलेली अंडी रोज उचलून फेकू नका. अंडं नाहीसं झालं की मादी त्याच्या बदल्यात आणखी घालते. तशीच राहू द्या, किंवा उकळून गार करून परत ठेवा. दोन-तीन आठवडे बसेल, काही होत नाही म्हणून उठेल. तोवर उकडलेलं अंडं आणि मोड बंद, साधा दाणा चालू. संध्याकाळी गॅलरीतला दिवा लवकर बंद करा, उजेड दहा तासांवर आणा. शक्य असेल तर नर-माद्या वेगळ्या पिंजऱ्यांत ठेवा. नर नसला तरी मादी अंडी घालू शकते हे लक्षात असू द्या, म्हणून नुसतं वेगळं करून भागत नाही, मडकी निघालीच पाहिजेत.

अबोली – १७ मार्च, दुपारी ४:०५

नमस्कार. मी गोकुळपेठेत राहते, महिन्यापूर्वी धाकट्या भावासाठी एक जोडी आणली. दुकानदाराने सोबत मडकंही दिलं. हा धागा वाचून धसका घेतला आहे. जोडीचं वय किती, हे कसं ओळखायचं? आणि नर-मादी खात्रीने कसे ओळखायचे? एकाचं नाक गुलाबी-जांभळं आहे, दुसऱ्याचं फिकट निळसर आणि भोकांभोवती पांढरं.

गॅलरीतला थवा – १७ मार्च, रात्री ८:३०

अबोली ताई, चोचीच्या वर जो मऊ भाग असतो, ज्यात नाकपुड्या असतात, त्याचा रंग पाहायचा. मोठ्या नराचा गडद निळा. मोठ्या मादीचा पांढुरका, बदामी, आणि विणीच्या काळात तपकिरी व खरखरीत. पिल्लांमध्ये फसगत होते: लहान नराचा सगळा एकसारखा गुलाबी-जांभळा, लहान मादीचा फिकट निळसर पण भोकांभोवती पांढरी कडी. म्हणजे तुमची बहुतेक खरी जोडी आहे, फक्त तुम्ही आतापर्यंत उलटं धरलं असेल! पांढरेशुभ्र किंवा लाल डोळ्यांचे पिवळे नर मोठेपणीही गुलाबी-जांभळेच राहतात, त्यांना हा नियम लावू नका.

वयासाठी कपाळ पाहा. रेघा थेट नाकापर्यंत असतील तर पक्षी तीन-चार महिन्यांच्या आतला. पहिली पिसं झडली की कपाळ स्वच्छ होतं. डोळ्याच्या काळ्या बाहुलीभोवती पांढरं वर्तुळ दिसायला लागलं की पक्षी मोठा होतोय असं समजायचं. तुमचं वर्णन पाहता दोघंही अजून लेकरं आहेत. मडकं काढून ठेवा. सध्या त्यांना मोठा पिंजरा, वेगवेगळ्या जाडीच्या कडुलिंबाच्या किंवा पेरूच्या फांद्या आणि तुमच्या भावाचा वेळ, एवढंच पाहिजे.

एक महत्त्वाचं. बजरी दाणा सोलून खातात आणि टरफल त्याच भांड्यात टाकतात. वरून भांडं भरलेलं दिसतं, आत नुसता कोंडा असतो. आम्ही एकदा लग्नाला चार दिवस अमरावतीला गेलो. शेजाऱ्यांना ‘भांडं रिकामं झालं की भरा’ असं सांगितलं होतं. भांडं शेवटपर्यंत भरलेलंच दिसत राहिलं. दोन पिल्लं गेली. रोज सकाळी भांड्यावर फुंकर मारायची आणि मग बघायचं. घरात कोणालाही जबाबदारी देताना हे करून दाखवा, नुसतं सांगू नका.

राळेवाला – १७ मार्च, रात्री ९:१५

वरच्या प्रश्नाचं उत्तर देतो. माझ्याकडे वही नाही. पण आठवून पाहिलं. नर सात-आठ वर्षांचे आहेत दोन-तीन. माद्या चार-पाचच्या पुढे गेलेल्या मला आठवत नाहीत. मी आतापर्यंत समजत होतो की बजरीची मादी एवढीच जगते.

हळदी पिवळा – १९ मार्च, सकाळी ११:२०

थोडं वेगळं विचारतो. माझ्या हिरव्या नराच्या आणि हिरव्या मादीच्या मडक्यात एक लाल डोळ्यांचं पिवळं पिल्लू निघालंय. पिंजऱ्यात दुसरा पिवळा पक्षी नाही. हे कसं?

गॅलरीतला थवा – १९ मार्च, दुपारी १:००

अभिनंदन. तुमचा नर वरून हिरवा असला तरी तो पिवळा गुण पोटात घेऊन आहे. हा गुण लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर असतो. पक्ष्यांत नराकडे ते गुणसूत्र दोन असतात, मादीकडे एकच. नराच्या एकावर पिवळा गुण असेल तर दुसरं त्याला झाकून टाकतं. मादीकडे झाकायला दुसरं नसतं, त्यामुळे आला तो गुण थेट दिसतो. म्हणून तुमचं पिवळं पिल्लू मादीच आहे, नाकाचा रंग पाहायची वाट बघू नका. निळा रंग वेगळा. तो आई-बाप दोघांकडून यावा लागतो, आणि दोन हिरव्यांच्या पोटी निळं पिल्लू येऊ शकतं ते त्यामुळे.

फक्त एक विनंती. या रंगांच्या नादाने भाऊ-बहिणीची जोडी लावू नका. एकत्र पिंजऱ्यात ते आपोआपही जोडी करतात, म्हणून पायात कडी आणि वहीत नोंद हवी.

संत्रानगरी – २१ मार्च, रात्री १०:१०

उन्हाळ्याबद्दल कोणी बोललंच नाही. माझं म्हणणं, हे वाळवंटातले पक्षी आहेत, नागपूरचं ऊन त्यांना काय करणार? माझे पक्षी गच्चीवर टिनाच्या शेडमध्ये आहेत.

गॅलरीतला थवा – २१ मार्च, रात्री ११:०५

नाही हो, कृपया टिनाखालून आजच हलवा. रानातला बजरी दुपारी झाडाच्या दाट सावलीत स्वस्थ बसतो, पाण्याजवळ राहतो, आणि पाणी आटलं की शेकडो किलोमीटर उडून जातो. आपल्या पिंजऱ्यातून त्याला कुठेच जाता येत नाही. आणि रानातलेही मरतात. १९३२ च्या उष्णतेच्या लाटेत मध्य ऑस्ट्रेलियात पाणवठ्यांवर बजरींचे हजारोंनी खच पडल्याच्या नोंदी आहेत.

आता अंड्यांचा हिशेब बघा. अंडं उबवायला साधारण साडेसदतीस अंश लागतात. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ वर जातो. मडक्यात मादी आणि पाच पिल्लं असतील तर आत हवाही खेळत नाही. मादीने उठून बाहेर यावं तरी अंडं गार होत नाही, ते आतल्या आत मरतं. तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात माझ्या १७ अंड्यांपैकी दोनच फुटून पिल्लं निघाली आणि त्यातलं एकही मडक्याबाहेर आलं नाही. मी तेव्हा नराला दोष दिला, जोडी बदलली. गणित इतकं सोपं होतं तरी मला दिसलं नाही.

मी असं मागून मोजतो: अंडं फुटायला १८ दिवस, पिल्लू मडक्याबाहेर यायला त्यापुढे महिना-सव्वा महिना, नंतर आठ-दहा दिवस बाप भरवतो. शिवाय अंडी एक दिवसाआड येतात, म्हणून शेवटचं पिल्लू पहिल्याच्या आठ-दहा दिवस मागे असतं. एका खेपेला अडीच महिने धरा. शेवटचं पिल्लू मार्चच्या शेवटी उडायला हवं असेल तर शेवटचं मडकं संक्रांतीच्या आत भरलेलं पाहिजे. जानेवारीच्या मध्यानंतर नवी खेप सुरू होऊच द्यायची नाही. हा माझा यावर्षीपासूनचा नियम.

कामठी रोड – २२ मार्च, सकाळी ८:४०

नियम पटला. थोडी भर घालतो. पक्षी चोच उघडी ठेवून धापा टाकायला लागला, पंख अंगापासून दूर धरले, की समजा गरमी चढली. लगेच सावली आणि खेळती हवा. पाय आणि पंखाखाली साध्या पाण्याचा हबका, बर्फाचं पाणी नको. दुपारी हिरव्या जाळीवर ओलं पोतं, पण एक बाजू उघडी. पाणी दिवसातून दोनदा बदला, मातीच्या वाटीत.

आणि कूलर. पिंजरा कूलरच्या तोंडासमोर ठेवू नका. सगळ्यात मुख्य म्हणजे गेल्या वर्षीचा वाळा काढून टाका. मी जुनाच वाळा लावला, कुबट वास येत होता, दुर्लक्ष केलं. पंधरा दिवसांत दोन पक्ष्यांचा आवाज बसला, श्वासाला घरघर लागली. बुरशी फुप्फुसात गेली होती. वाचले नाहीत. दाण्यालाही तेच लागू. पोत्यातल्या राळ्याला कुबट वास असेल तर अख्खं पोतं टाका.

स्वल्पविराम – २४ मार्च, रात्री ९:३०

माझा एक नर दिवसभर खातो, तरी छातीचं हाड सुरीसारखं वर आलंय. शीटमध्ये अख्खे दाणे दिसतात. दुकानातून पाण्यात टाकायची पिवळी पावडर आणली, पाच दिवस दिली. फरक नाही. काय असेल?

पक्षीवैद्य – २४ मार्च, रात्री १०:००

न तपासता निदान करत नाही, पण अख्खे दाणे आणि खाऊनही वाळणं म्हणजे पहिली शंका पोटातल्या एका बुरशीची. पक्षी पाळणारे तिला मेगाबॅक्टेरिया म्हणतात. नावात बॅक्टेरिया असलं तरी ते जिवाणू नाहीत. म्हणून प्रतिजैविकाने काही होत नाही, उलट पोटातले चांगले जिवाणू मरतात आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. ताजी शीट सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की बरेचदा सापडते. तिच्यावर बुरशीचंच औषध लागतं, तेही चोचीतून, दिवसातून दोनदा, कित्येक दिवस. सफरचंदाचं व्हिनेगर पाण्यात टाकून ती बरी होत नाही.

त्या पिवळ्या पावडरीबद्दल सगळ्यांसाठी लिहितो. ती बहुधा टेट्रासायक्लिन गटातली असते. ते औषध कॅल्शियमला चिकटतं. पिंजऱ्यात समुद्रफेस लटकत असेल तर औषध पोटातच वाया जातं. शिवाय आजारी पक्षी पाणी कमी पितो, त्यामुळे ज्याला सगळ्यात जास्त गरज आहे त्यालाच सगळ्यात कमी मिळतं.

तुमचा नर आजच वेगळा करा. पण बाकीच्यांच्या शीटही तपासा, कारण ही बुरशी आई-बापाच्या भरवण्यातून पिल्लांत जाते आणि पक्षी वरून निरोगी दिसत राहतो. दमलेली मादी जास्त पसरवते. इथेही मूळ धाग्याचाच मुद्दा येतो.

स्वल्पविराम – २४ मार्च, रात्री १०:२०

धन्यवाद डॉक्टर. उद्याच शीट घेऊन जातो. अजून एक: याच पिंजऱ्यात दोन पिल्लं मडक्यातून बाहेर आली ती उडतच नाहीत. पंखांची आणि शेपटीची लांब पिसं गळून गेली, जमिनीवरच पळतात.

पक्षीवैद्य – २५ मार्च, सकाळी ७:३०

हे गंभीर आहे. याला फ्रेंच मोल्ट म्हणतात, त्यामागे विषाणू असतात. त्यावर औषध नाही. काही पिल्लांना पिसं परत येतात, काहींना कधीच येत नाहीत. पण थव्याला यातून बाहेर काढता येतं: वीण पूर्ण बंद, किमान सहा महिने. विषाणू नव्या पिल्लांवर जगत असतो, नवी पिल्लं नसली की साखळी तुटते. मातीची मडकी सच्छिद्र असतात, ती नीट निर्जंतुक होत नाहीत. तुमची मडकी धुऊ नका, फोडून टाका. नवा पक्षी आणू नका, कोणाला देऊ नका. पुढे कधी आणलात तर निदान महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवा, आणि त्याचं दाणा-पाणी सगळ्यांच्या शेवटी करा, हात धुऊन.

वनराई – २६ मार्च, दुपारी १२:१५

एवढे हाल करण्यापेक्षा सोडून का देत नाही? आकाशात उडू द्या की बिचाऱ्यांना. पक्षी पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे ना?

गॅलरीतला थवा – २६ मार्च, रात्री ८:००

आपला राघू, म्हणजे हिरवा पोपट, पाळणं गुन्हा आहे, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने. कोणाकडे जखमी राघू आला तर सेमिनरी हिल्सला वनखात्याचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, तिथे द्यावा. बजरी परदेशी, आणि पिढ्यानपिढ्या पिंजऱ्यात जन्मलेला. जॉन गूल्डने १८४० मध्ये जिवंत बजरी इंग्लंडला नेले, तेव्हापासून माणूस यांना वाढवतो आहे. सोडलेला बजरी दुपारपर्यंत कावळ्याच्या तोंडी जातो. खाणं शोधायचं त्याला कोणी शिकवलेलं नसतं.

पण तुमच्या प्रश्नामागची कळकळ मला कळते. ज्यांना आपण सोडू शकत नाही, ते किती असावेत हे तरी आपल्या हातात आहे. दरवर्षी ४० पिल्लं काढायची आणि बाजारात द्यायची, पुढे त्यांचं काय होतं ते बघायचं नाही, हे मी चार वर्षं केलं. आता जेवढ्या पिल्लांना ओळखीचं घर मिळेल तेवढीच.

गृहलक्ष्मी – २८ मार्च, सकाळी १०:४५

ज्यांचा पिंजरा स्वयंपाकघराजवळ आहे त्यांनी नॉनस्टिक तवा रिकामा तापत ठेवू नका. माझ्या जावेकडे फोन आला म्हणून तवा गॅसवर राहिला. दहा मिनिटांत चारही पक्षी दांडीवरून खाली. माणसाला नुसता वास येतो, पक्ष्याचं फुप्फुस तो धूर सहन करू शकत नाही. आम्ही लोखंडी तव्यावर आलो.

पक्षीवैद्य – २८ मार्च, दुपारी २:००

फार महत्त्वाची माहिती. माणसांबद्दलही सांगतो: पिंजरा झाडताना तोंडाला कापड, आधी पाणी शिंपडून मग झाडणं. घरात कोणाला ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला लांबला तर डॉक्टरांना ‘आमच्याकडे पक्षी आहेत’ हे आपणहून सांगा. सिटॅकोसिस हा पक्ष्यांपासूनचा संसर्ग माणसाला होतो आणि वेळेत कळला तर औषधाने बरा होतो.

गॅलरीतला थवा – १९ एप्रिल, रात्री ९:२०

शेवटची पिल्लं बाहेर आली, शेवटची तीन मडकी उतरवली. भांड्यात अंडी घालणाऱ्या दोघींपैकी एक १९ दिवस बसून उठली. दुसरी उठतच नव्हती, तिला वेगळ्या पिंजऱ्यात ठेवलं, भांडं बदलून भिंतीला लावायच्या अरुंद वाट्या दिल्या, तेव्हा थांबली. पहिले दहा दिवस पिंजऱ्यात खूप भांडणं झाली, माद्या एकमेकींच्या पायांना चावत होत्या. मला वाटलं चुकलं आपलं. मग हळूहळू शांत झालं. आता संध्याकाळी सगळे एका दांडीवर ओळीने बसून कुजबुजतात. वीण चालू असताना हा आवाज मी कधी ऐकला नव्हता, माद्या मडक्यात आणि नर दारात.

संत्रानगरी – २० एप्रिल, सकाळी ७:५०

टिनाच्या शेडमधून खाली जिन्याखालच्या जागेत आणले. कळवायचं राहिलं होतं.

अबोली – ३ जून, दुपारी ३:३०

नवतपा, मेअखेरचे ते सगळ्यात तापणारे नऊ दिवस, पार पडला. दोघंही खुशाल. भावाने मातीच्या ताटलीत पाणी ठेवलं तर दोघं त्यात अंघोळ करतात. कपाळ स्वच्छ झालंय आणि एकाचं नाक निळं झालं. तुम्ही सांगितलेलं बरोबर निघालं. मडकं माळ्यावर आहे.

राळेवाला – ५ जून, रात्री ९:०५

मार्चमध्ये लिहिलं होतं की पटलं नाही. त्यानंतर निम्मा पिंजरा वेगळा केला. सहा जोड्यांची मडकी काढली, सहाची राहू दिली. खाणं दोन्हीकडे सारखं, गच्ची तीच, पोतंही तेच. मडकी राहिली तिकडे उन्हाळ्यात दोन माद्या गेल्या, ३१ अंड्यांतून चार पिल्लं. मडकी काढली तिकडे सगळे बारा जिवंत आहेत, माद्यांची पिसं नवी आली, वजनही भरलं. सहा-सहा जोड्यांवरून नियम होत नाही हे समजतो मी. पण आज उरलेली सहाही उतरवली. वही आणली भाऊ. पहिल्या पानावर काय काय लिहू, ते सांगा.

गॅलरीतला थवा – ५ जून, रात्री ९:४०

काका, पहिल्या पानावर प्रत्येक मादीचं नाव किंवा कडीचा नंबर, आणि तिचं वय अंदाजे. मग तीन रकाने: मडकं कधी टांगलं, किती अंडी, मडकं कधी उतरवलं. तिसरा रकाना रिकामा राहू द्यायचा नाही. महिन्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन.

पहिला पाऊस पडला की तुमच्याही माद्या कोपरे कुरतडायला लागतील, भोकं शोधतील. त्यांना पावसाची ओढ आहेच. पण आपला पावसाळा दमट, दाण्याला बुरशी धरते, मडकी ओली राहतात. मी कोजागिरीपर्यंत थांबणार आहे. अकरा जोड्यांपैकी यंदा चारच निवडल्या. त्यांना सात नवी मडकी आणणार, म्हणजे जागेवरून भांडण नको, आणि सगळी एकाच उंचीवर टांगणार, कारण वरचं मडकं प्रत्येकीलाच हवं असतं. तळाला दोन बोटं लाकडाचा भुसा घालतो. हिरवीच्या लेकीला यावर्षी बसवणार नाही, ती तेव्हा जेमतेम दहा महिन्यांची असेल.